पट क्रमांक अकरा

गोरेगावात, शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर,
सहावीच्या बाकांत गुडघे कोंबून
आम्ही बसलोय, मी आणि इनास डाबरे.
माझं रेटिंग सोळाशे बारा, त्यांचं सोळाशे चौदा.
अकरा वर्षांत सतरा डाव,
चार माझे, चार त्यांचे.
बाकीच्या नऊंचं काय झालं ते सांगायला नको.

त्यांच्या बोटांना सोनचाफ्याचा वास असतो.
पहाटे वसईहून निघून दादरला पाट्या उतरवायच्या,
फुलं खपली की मग स्पर्धा.
मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते,
दिवसभर एकच प्रश्न:
आता बरं दिसतंय, की मघाशी?
मला इथे तसं कुणी विचारत नाही.

त्यांनी कारो-कान काढला. काढणारच.
चौदा चाली आम्ही पाढ्यासारख्या म्हटल्या.
पंधराव्या चालीला मी घोडा मागे नेला, पार घरात,
तीन आठवडे जपून ठेवलेली चाल,
कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता सुचलेली.
डाबरे एकतीस मिनिटं बसून राहिले.
शेजारच्या पटावर एक मुलगी खुर्चीत गुडघ्यांवर बसून
तिच्या काकाच्या वयाच्या माणसाचा वजीर खात होती,
तिनेसुद्धा एकदा मान वळवून आमचा पट पाहिला.
मग त्यांनी प्यादं एक घर सरकवलं.
एकच बरोबर उत्तर होतं, ते.
मला राग आला, आणि रागाखाली
कुणीतरी आपलं अक्षर ओळखावं
तसं काहीतरी.

वजीर गेले. उंट गेले.
उरले एकेक हत्ती, तीन-तीन प्यादी,
आणि दोन राजे, चाळीतल्या गॅलरीत
एकमेकांना टाळत फिरणाऱ्या शेजाऱ्यांसारखे.

एक्कावन्नावी चाल.
डाबऱ्यांनी राजा हलवला, कागदावर लिहिलं,
आणि घड्याळ दाबायचं विसरले.

त्यांचं घड्याळ चाललंय. चार मिनिटं दहा.
ते पटाकडे बघतायत. मीही.
नियम सांगतो, सांगायची गरज नाही.
पंचही सांगणार नाहीत, त्यांनाही नियम आहे.
तीन मिनिटं.
मी कपाळावर हात टेकून विचार केल्याचं सोंग केलं,
आणि खरं सांगायचं तर सोंग करता करता
खरोखर विचार केला: हत्ती सहाव्या ओळीत नेला तर?
नाही. तरीही बरोबरीच.
दोन मिनिटं.
या डावातून जिंकायचा एकच रस्ता होता
आणि तो पटावरून जात नव्हता.
एक मिनिट वीस.
वर पंखा कुरकुरत होता. बाटलीचं झाकण
मी तीनदा लावलं, तीनदा काढलं.

बावन्न सेकंद उरले तेव्हा
मी पेनाच्या टोकाने घड्याळाकडे दाखवलं.
त्यांनी दाबलं. घाईने नाही.

नंतर जिन्यात, कागदी कपातला चहा घेताना,
मी म्हटलं, उशिरा सांगितलं मी.
ते म्हणाले, मला तीन मिनिटं असतानाच आठवलं होतं.
मग दाबलं का नाही?
त्यांनी कपातली साय बोटाने काढली, कठड्याला पुसली.
म्हणाले, कल्याणला तुम्ही विसरला होतात, आठवतं?
आठवतं. तेव्हा तुम्ही लगेच सांगितलंत.
लगेच नाही, ते म्हणाले,
आणि किती वेळाने ते मी विचारलं नाही.

पण ते नंतरचं.
त्याआधी, पासष्टाव्या चालीला, तीच स्थिती तिसऱ्यांदा आली,
आम्ही हात मिळवले, एकमेकांच्या कागदांवर सह्या केल्या.
निकालाच्या रकान्यात अर्धा, अर्धा.
मग पंचांना लांबून कळावं म्हणून, रीतीप्रमाणे,
दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवले,
कोपऱ्याला कोपरा लागलेल्या दोन घरांत.
अख्ख्या डावात त्यांना इतकं जवळ येता येत नाही.
तिथे ते उभे राहिले,
पंच येईपर्यंत,
चाफ्याचा वास लागलेले दोघंही.